पट्टीखाली

फोटो आला तेव्हा मी बिटको चौकात,
रिक्षा भरायची वाट बघत.
सात माणसं, उकिडवी. बरगड्या मोजता येतील अशी.
वर पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं:
पंचवीस तारखेनंतरचा मी.
मी हसले. खोटं कशाला सांगू.
दोन ग्रुपवर ढकलला, एक बहिणीला,
आणि चुकून नानांना.

नाना अडतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
तपासणीला.
ताव समोर यायचा, अंगठा फिरायचा,
कुठे शाई अर्धा केस सरकलेली असली
की अंगठा तिथे थांबायचा.
रद्द.
अजून मेथी निवडतात तीही तशीच.

संध्याकाळी जेल रोडला गेले तर
खिडकीशी बसलेले, मोबाइलवर भिंग धरून.
म्हटलं, नाना, दोन बोटांनी मोठं होतं ते.
म्हणाले, मोठं होतं. दिसत नाही.

मग दाखवत गेले.
डावीकडून तिसरी बाई, तिच्या मांडीवर आहे
ते गाठोडं नाही.
कडेचा म्हातारा कॅमेऱ्याकडे नाही,
फोटो काढणाऱ्याच्या बुटांकडे बघतोय.
मागे भिंत. भिंतीला ताजा चुना.
"दुष्काळात चुना," एवढंच म्हणाले.

आणि पट्टीच्या कडेवर नख ठेवलं:
इथं आठवा आहे. उभा.
खांदा उरलाय बघ.
डोकं 'तारखे'च्या 'ता'मागे.

मूळ फोटो शोधते म्हटलं. तासभर शोधला.
तोच डाएटवर, तोच हॉस्टेलच्या मेसवर,
तोच लग्नानंतरच्या नवऱ्यावर,
एकात सगळ्यांना काळे चष्मे.
पट्टी कुठे जाड, कुठे बारीक,
पण बसलेली तिथंच.

तोवर नाना बोलत होते, माझ्याशी की भिंगाशी कोण जाणे:
त्यांच्या आजीची आजी सत्त्याहत्तरच्या दुष्काळात
मालेगावच्या रस्त्याला खडी फोडायला होती.
रत्तलभर धान्य दिवसाला, बाईमाणसाला त्याहून कमी.
नाव?
खडीवाली म्हणायचे.

रात्री सम्यका पुस्तक घेऊन आली. इतिहास, आठवी.
पान उलटलं आणि ओरडली,
आई, हा तर पंचवीस तारखेवाला!
पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, धुरकट,
खाली दीड ओळ.
त्या पट्टीशिवाय ही या पानावर थांबलीच नसती.
मला कळेना कोणावर रागवायचं.

पुस्तकात पट्टी नव्हती.
नाना वाकले, तिची हनुवटी त्यांच्या खांद्यावर.
आठवा होता.
पण छपाई अशी, की चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके,
जवळ जावं तितके सुटे सुटे.
"रद्द," नाना सवयीनं म्हणाले.
मग लगेच, नाही, नाही,
आणि ते पान तळहातानं सपाट करत बसले.

सम्यकानं विचारलं,
मग हसायचं नाही का?
नाना भिंग पुसायला लागले.

फोन थरथरला.
मीच पाठवलेला फोटो, कुठून कुठून फिरून
माझ्याकडे परत.
कुणीतरी नवा विनोद घातला होता, जरा लांबलचक.
पट्टी आता दोन ओळींची.
खांदाही गेला होता.