अकरा आठवडे

क्लाक्सविकच्या धक्क्यावर बारदुर उतरला, घरी आला,
तोवर मार्यून बसायला शिकली होती,
खाली दोन दात,
आणि दारातला दाढीवाला पाहून
तिनं घर डोक्यावर घेतलं.

"दाढी काढून बघ,"
रानवा बटाटे सोलता सोलता म्हणाली.
काढली.
उलट जास्तच रडली.

रात्री पाळण्यातून त्यानं
तिच्याखाली अंथरलेला आपलाच जुना स्वेटर ओढला.
लोकरीला आंबूस दुधाचा वास,
बाहीवर वाळून कडक झालेली लाळ.
थंडी होती, घातला.

मार्यून गप्प.
बाहीचं टोक ओळखीनं तोंडात घेतलं, चोखलं,
मग त्यातून बाहेर आलेल्या हाताकडे
बघत राहिली,
हा एवढे दिवस
आत कुठे होता म्हणून.