इतर हक्क

टायपिंग सेंटरातल्या शिहाबने विचारलं,
"मालक कोण?"
मी म्हटलं, मालक मार्चमध्ये गेले.
तो थांबला. मग हळूच म्हणाला,
"बिल्डिंगचा, ताई."

रुवीत बावीस वर्षं भाडं भरलं
खल्फान बिन जुमाच्या नावाने.
माणूस कधी पाहिला नाही.
एजंट यायचा, चेक न्यायचा.
यंदा म्हणाला, शेठ साठ रियाल वाढवून मागतात.

म्हणून हा खटाटोप: अर्ज, शिक्का, दोन रियाल,
प्लॉट नंबर एका जुन्या करारनाम्यावरून.
चौथ्या दिवशी कागद आला.
शिहाब उजवीकडून बोट सरकवत गेला.
शेठ वारले त्याला अकरा वर्षं झाली.
नाव चढलंय बायकोचं,
राया बिंत सैद.

राया!
खालच्या जिन्यावर बसून
रमजानात खजुराचा डबा पुढे करणारी,
जिला आम्ही एजंटाची आत्या समजत होतो.

मी कागद उलटा करून पाहिला.
सवय. गुहागरच्या सातबाऱ्यावर
मी सापडते ती इतर हक्कांत,
दिरांच्या नावांखाली, बारीक अक्षरात.
इथे तो रकानाच नाही.
नाहीतर लिहून घेतलं असतं:
गॅलरीत तुपाच्या डब्यात एक कढीलिंब,
मोरीच्या दाराला यांनी ठोकलेली खुंटी.

संध्याकाळी डहाळी मोडून खाली गेले.
मोडक्या अरबीत साठ रियालांचं विचारलं.
"साठ?" तिने बोटं उघडली, मिटली,
पुन्हा उघडली.
मग सरकून
पायरीवर जागा केली.