प्रश्न एकतिसावा

महापे, तिसरा मजला. मोबाइल लॉकरमध्ये.
मंगळसूत्रावरून यंत्र फिरवून
मुलगी म्हणाली, "काकू, अंगठा."
अंगठा उमटेना.
कोळंबी सोलून सोलून रेषा गेल्यात, मी म्हटलं.
तिने ओला रुमाल दिला. चौथ्या खेपेला मशीनला पटलं
की मी मंदाकिनी हरेश्वर मढवी,
राहणार घणसोली गाव, वय एक्कावन्न,
आरोग्य विम्याच्या एजंटपदाची उमेदवार.

पन्नास प्रश्न. साठ मिनिटं.
शेजारी सगळी पोरं, डिग्रीची शाई न वाळलेली,
माउसवर त्यांचा हात तरंगतो.
माझा माउस टेबलाच्या काठाशी जाऊन अडतो,
उचलून परत आणावा लागतो,
भरकटलेल्या वासरासारखा.

पंचवीस तास शिकले ते आठवतेय.
एजंट कंपनीचा. ब्रोकर गिऱ्हाइकाचा.
मग गिऱ्हाइकाच्या घरी चहा पितो तो कुणाचा,
मी वर्गात विचारलं होतं.
सर हसले. हे परीक्षेला नाही, म्हणाले.
कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देणं, गुन्हा.
परवान्याशिवाय पॉलिसी विकणं, गुन्हा.
दुसऱ्याच्या परवान्यावर विकणं...
इथे मला भानुदास आठवला.

परवाना त्याच्या मेहुणीचा,
मेहुणी उरणला, तिला पत्ताही नाही.
आमच्या ओट्यावर मांडी घालून तो फॉर्म भरत होता.
नाव झालं, उंची झाली, वजन अंदाजे झालं.
मग रकाना आला: मधुमेह आहे का?
हरेश्वर आत आंघोळीला.
पेन थांबलं.
भानुदासने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

चौदा महिन्यांनी वाशीला दोन स्टेंट पडले.
कंपनीचं पत्र आलं, इंग्रजी, एकच पान.
पोराने वाचून सांगितलं: महत्त्वाची माहिती दडवली,
दावा नामंजूर.
तीन लाख ऐंशी हजार.
बांगड्या गेल्या. रबाळ्याच्या कंपनीतला फंड गेला.
अख्ख्या आळीने भानुदासला शिव्या घातल्या.
मीही घातल्या.
सगळ्यांत मोठ्याने मीच.

प्रश्न एकतिसावा.
ग्राहक म्हणतो, माझा आजार लिहू नका.
अशा वेळी एजंटने काय करावे?
खाली चार पर्याय, चौघेही एजंटचेच.
एकातही ती बाई नाही,
जी ओले हात पदराला पुसत म्हणाली होती,
"लिव ना नाय.
गोली घेतली का उतरते साखर.
उगाच हप्ता कनाला वाढवतोस?"

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं.
मी तिसऱ्या पर्यायावर बोट दाबलं.
उत्तर बरोबर होतं, ते मला
कुठल्याही पोरापेक्षा जास्त ठाऊक.

पास झाले. निकाल तिथल्या तिथे.
"काकू, पेढे," मुलगी म्हणाली.
पेढे घेतले नाहीत, घरात चालत नाहीत.
खारे दाणे घेतले, पाव किलो.

संध्याकाळी हरेश्वर ओट्यावर,
खाडीकडून ओहोटीचा वास.
म्हटलं, सराव करते, तुम्ही गिऱ्हाईक व्हा.
कोरा फॉर्म मांडीवर घेतला.
नाव. वय. तंबाखू?
"सोडली," तो म्हणाला, आणि दाणे चघळत राहिला.
मधुमेह?

"हो लिव, चांगला ठसठशीत लिव," तो हसला,
"त्या भानुदासासारखं करू नको."

पेन थांबलं.
समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला.
रकाना अजून कोराच होता.

"भानुदासाने नाही," मी म्हटलं.

त्याने हातातली सालं खाली ठेवली.