बोली

मे महिना. हर्णैच्या वाळूत तळवे भाजतात
आणि मी शाल पांघरून लिलावाला उभी.
बैलगाडी पोटापर्यंत पाण्यात शिरते, होडीतून टोपल्या उतरतात,
कुणीतरी बर्फ फोडतो
आणि थंडी मला वाजते.

वीस वर्षं या वाळूत बोली पुकारते आहे.
माझा आवाज सुवर्णदुर्गाच्या तटाला आपटून परत यायचा.
आता घशातच रुततो,
ओहोटीला गाळात बसलेल्या होडीसारखा.
नामदेव पावसे हसत म्हणाला, कमळजा, पैशाची ऊब कमी पडली का?

केस फणीत. पोट साफ नाही. बांगड्या मनगटातून निघेनात.
दुपारी बसल्या जागी झोप, आणि उठलं की गुन्हा केल्यासारखं.
सासू म्हणाली, नजर.
नवरा म्हणाला, वय.
नणंद काहीच म्हणाली नाही, फक्त माझ्या ताटाकडे बघितलं.
गुरवाने कौल लावला. उजवी पाकळी पडली.

मागच्या वर्षी शिबिरात रक्त दिलं होतं.
एकच आकडा आला, साडेचारच्या आसपास.
कंपाउंडर म्हणाला, मर्यादेत आहे.
काठाला बांधलेली होडी
पाण्यात असते की जमिनीवर,
हे त्याला विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

दापोलीच्या परकार डॉक्टरीणबाईंनी आधी गळ्याला हात लावला.
गिळा, म्हणाल्या. गिळलं.
मग टाचेमागे हातोडी मारली.
पाऊल हललं, पण जागेवर यायला वेळ लावला,
जाळं ओढून दमलेल्या माणसाने
दोर सोडावा तसं.

टीएसएच, टी-फोर, आणि एक लांबलचक नावाची अँटीबॉडी.
चौथ्या दिवशी कागद आला: अडतीस.
बाई, आकडा जास्त, मग तुम्ही कमी कसं म्हणता?
त्या कागद उलटा करून चित्र काढायला बसल्या
आणि मला मध्येच कळलं.
माल कमी आला की बोली चढते.
डोक्यातून कुणी पुकारतंय, आठ, बारा, वीस, अडतीस,
आणि गळ्याच्या टोपलीत
दोन बोंबील.

फुलपाखरासारखी असते ही ग्रंथी, बाई म्हणाल्या.
मला तर चित्रात उघडलेली तिसरी दिसली.

पण आम्ही समुद्रच खातो की!
आयोडीन कमी पडेल कसं?
आयोडीन नाही हो. तुमच्याच अंगातले राखणदार.
वेशीवर उभं राहून बाहेरच्याला अडवायचं त्यांनी,
ते घरच्यालाच चोर समजले.
का समजले?
बाई जरा थांबल्या.
नेमकं सांगता येत नाही. कधी कधी घराण्यात असतं.
आईला होतं का?

आई.
पाजपंढरीच्या खळ्यात सुकट पालथी घालता घालता
बाबांचा स्वेटर अंगात, भर उन्हात बसून राहायची.
सुजलेला चेहरा. जड जीभ.
आम्ही भावंडं तिला कासव म्हणायचो.
नाव मीच ठेवलं होतं.
तिचं रक्त कुणी मागितलंच नाही.

गोळी पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर.
चहा अर्ध्या तासाने.
तो अर्धा तास किती लांब असतो ते चहावाल्यांनाच ठाऊक.
होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या तेव्हा पुन्हा रक्त दिलं: अकरा.
गोळी थोडी वाढवली.
मी घाई केली, बाईंनी नाही.

लेकीला घेऊन गेले लॅबमध्ये.
मला काही होत नाही, म्हणाली.
मीही म्हणायचे. नाव सांग, वय सांग, हात पुढे कर.

नारळी पौर्णिमा झाली आणि पहिला लिलाव.
आवाज फाटला, पण निघाला:
सुरमई, आठशे, साडेआठशे, बोला पुढे.
घरी जाताना वाटेत थांबले.
शाल कुठे ठेवली, आठवेना.