दोन ठिपके

एक ठिपका नाकाच्या शेंड्यावर, एक हनुवटीवर.
गेनोवेफाबाई बजावतात, "पुसायला विसरू नका,
ट्राममध्ये लोक हसतील."

वूच शहर, नोव्हेंबर. खिडकीपलीकडे बंद गिरणीची लाल वीट,
आता तिथे महागडे फ्लॅट.
मी म्हणते, म म म म्हणा. आवंढा गिळा. आता जबडा सैल सोडा.
सैल सोडा म्हटलं की कुणाचाच सुटत नाही.
सत्तर. सहासष्ट. बहात्तर.
एकाच चेहऱ्याची तीन मापं
आणि तिन्ही खोटी.

म्हणून पट्टी खाली ठेवते, मागांचं विचारते.
"एका खात्यात चारशे माग. कानांत बोटं घातली
तरी हाडांतून ऐकू यायचे. आम्ही ओठांनीच बोलायचो.
समोरच्या रांगेत ल्युत्सिना. सगळं सांगितलंय तिला,
पगार, गेलेले दिवस, नवऱ्याचा हात."
मग त्या नुसत्याच बाहेर बघत राहिल्या.
तेवढ्यात मी मोजून घेतलं.
अडुसष्ट.

त्यातून तीन वजा.
हे तीन मिलिमीटर कुणी मागायला येत नाही,
पण ते नसले तर दात दातांवर आपटत राहतात,
सुट्टी न होणाऱ्या पाळीसारखे.

मेणाच्या कडा तोंडात. साठपासून सत्तरपर्यंत मोजा.
आमचे आकडे म्हणजे नुसते स आणि श,
चूक असेल तर तिथेच शीळ वाजते.
वाजली नाही. मी खूश.

त्या मात्र उठून काचेच्या दाराशी गेल्या.
बाहेर बाकावर ल्युत्सिना. तिचे कान मागांनी केव्हाच नेलेत.
जुनी कवळी झिजली, नाक हनुवटीला टेकायला आलं,
तेव्हापासून हिचे ओठ तिला वाचता येत नव्हते.
सहा वर्षं. एकच बाक, एकच ट्राम.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

काचेआड ओठ हलले.
ल्युत्सिनाने मान हलवली, नाही.
मी अर्धा मिलिमीटर मेण खरवडलं.
नाही.
पुन्हा सुरी तापवली.

तिसऱ्या वेळी ती बाकावरून उठली,
काचेला नाक लावून काहीतरी बोलली,
बिनआवाजाचं, लांबलचक.
गेनोवेफाबाई इतक्या हसल्या
की वरची कड निसटून हातात आली.

"काय म्हणाली?"
"ते तुमच्या वहीत लिहायचं नसतं."

मी लिहिलं, चौसष्ट.
खिडकीतून पाहिलं तर दोघी थांब्यावर,
तोंडं अखंड चाललेली,
आणि एकीच्या नाकावर अजून
माझा निळा ठिपका.