सेन्सर चौदा

तीन वाजून बारा मिनिटं, सात सेकंद.
त्यापुढे नोंद नाही.
वार्डोच्या मासळी-लिलावाचा सर्व्हर गप्प.
सहाला बोटी लागतील, काट्यावर कॉड चढेल
आणि भाव सांगायला कुणी नसेल.

राग्नफ्रिद लॉग उघडते, शेवटाकडून वर वाचत जाते,
उसवल्या शिवणीचा धागा उलटा धरत जावा तशी.
मेमरी शाबूत. वीज शाबूत. पंखे फिरतच होते.
मग पाणी मुरतंय कुठे?

डिस्क भरलीय, काठोकाठ.
कशाने, तर लॉगनेच.
शीतगृह, दार दोन, सेन्सर चौदा:
‘दार नीट लागलेलं नाही.’
दर सेकंदाला. ऑगस्टपासून.
कोटीभर वेळा तेच वाक्य,
आवाज न चढवता.

‘ते होय,’ कॉफी ओतत तुर्लेइव्ह म्हणतो,
‘रोजचंच रडगाणं. इशारा मीच बंद केला होता.’

ती जुन्या नोंदी पुसते. सर्व्हर उठतो.
पाच एक्केचाळीस.
मग हातमोजे, टॉर्च,
आणि जानेवारीचा न उजाडणारा धक्का ओलांडून दार दोन.
रबरी पट्टीत रुतलेला
माशाचा बोटभर काटा,
त्यावर बर्फाची साय.

ती परतते तेव्हा
तुर्लेइव्ह पडद्याशी वाकलेला,
चष्मा कपाळावर,
एकच ओळ मोठ्याने वाचतोय:
चौदा. दार लागलं.