गुरुवार, दुपारी तीनपर्यंत

सरोवरावरून ढग निघालेत, असं रेडिओ म्हणाला,
पहाटेपर्यंत फूटभर.
बफेलोत फूटभर म्हणजे काहीच नाही, तरी
गाड्या बाहेर धूर सोडत उभ्या,
आणि मिठाच्या डोंगराला टेकलेल्या या खोलीत
आम्ही चौघं जोसाया बर्डेटला विकतोय.

विकत नाही, बदलतोय, काझिमिर म्हणतो.
पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर त्यानं मांडलंय सगळं,
तेलाचा डाग चुकवत:
इकडून बर्डेट. तिकडून दोन पोरं,
पहिल्या फेरीतल्या तीन निवडी,
आणि पगाराचा मेळ बसावा म्हणून
इकडून आणखी एक, ओक्पारा.
"एकतीस वर्षांचा गुडघा आहे तो. जूनमध्ये करार संपतो.
फुकट हातातून गेला की मग बसा टाळ्या वाजवत."

ल्युक्रेशियानं थर्मासचं झाकण आपटलं.
"निवडी? ती मुलं अजून आठवीत असतील,
आई त्यांच्या डब्यात केळं घालत असेल!
तू सोड हातचं आणि धाव पळत्याच्या मागे.
मी होते त्या रात्री तिथं, वरून दुसऱ्या रांगेत.
नाकात कापूस कोंबलेला, सदऱ्यावर रक्त,
आणि तरी त्यानं, घड्याळात अर्धा सेकंद उरला असताना..."
पुढचं ती बोलत नाही. हात वर करते फक्त,
मनगट मोडून तसंच ठेवते.
आम्ही तिघंही त्या नसलेल्या चेंडूकडे बघतो.
काझिमिरसुद्धा.

मुस्लेहचा बाप लॅकावानाच्या पोलाद कारखान्यात होता.
"भट्टी विझली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही
कुठं जायचंय म्हणून," तो साखर ढवळत राहतो.
"याला निदान विचारतील.
आणि विचारलं तर तो म्हणेल, ऊन.
मी असतो तर मीही म्हणालो असतो, ऊन."
तू तर जन्मभर इथंच आहेस की.
"माझ्या बदल्यात कुणी तीन निवडी देत नाही."

मी विचारलं, ओक्पाराचं काय?
"कोण?"
अरे, तूच लिहिलायस ना झाकणावर.
"तो? तो मेळ बसवायला," काझिमिर म्हणाला
आणि पेन्सिलीनं कान खाजवला.
ओक्पाराच्या बायकोनं माझ्या बहिणीच्या दवाखान्यात
नाव घातलंय, एप्रिलची तारीख.
हे मी बोलले नाही.

मग फोन वाजला आणि उठलो.

माझ्या वाट्याला उत्तरेकडची मोठी घरं.
पावणेपाचला वळणावर दिवा दिसला.
बर्डेटच्या फाटकाशी बर्डेटच,
सहा फूट नऊ इंच, पायात सपाता,
पोराचं लाल प्लास्टिकचं फावडं घेऊन
कमरेतून पार वाकून बर्फ काढत होता.

जाणारा माणूस बर्फ कशाला काढेल?
ल्युक्रेशिया असती तर म्हणाली असती.
सामानाची गाडी आत यायला नको? काझिमिर.
मुस्लेह म्हणाला असता, झोप येत नसेल.

आमचा फाळ गेला की दारादारासमोर बर्फाचा बांध पडतो,
सगळ्या शहराची आमच्यावर हीच तक्रार.
मी फाळ तिरका करून उचलला, त्याच्या दारापुरता,
पुढं जाऊन पुन्हा टेकवला.
नियमात बसत नाही.
त्यानं ते इवलंसं फावडं उंच धरलं.
आरशात पाहिलं तेव्हा एक हात
गुडघ्यावर ठेवून तसाच उभा होता.
डावा की उजवा, आरशात कळत नाही.

परतले तर तिघंही खोक्याभोवती.
तिकडं काही दिसलं का?
रस्ता मोकळा आहे, म्हटलं.
झाकणावर आता चौथी निवड आली होती,
आणि ओक्पाराच्या नावावर
कुणीतरी कॉफीचा कप ठेवला होता.